तोबाची राख आमच्या कुकडीकाठी: वडिलांना घेऊन तोबा सरोवर बघायला जावं का?

कुकडीकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न प्रवासाचाच आहे, पण आधी थोडं सांगायला हवं.

आमचं गाव बोरी, तालुका जुन्नर, कुकडीच्या काठावर. नदीच्या दरडीत एक पांढुरका थर आहे. लहानपणी आम्ही त्याला नुसती पांढरी माती म्हणायचो. आजी पाटीभर आणून मोरीत ठेवायची आणि पितळेची भांडी त्यानंच घासायची. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजची माणसं तिथं काम करायला लागली, आदिमानवाची दगडी हत्यारं निघाली, आणि ती माती नसून ज्वालामुखीची राख आहे असं गावाला कळलं. आली कुठून, तर इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून. ३,००० किलोमीटरहून लांब.

अण्णा (वडील, वय ७३) प्राथमिक शिक्षक होते. दरवर्षी चौथीच्या वर्गाला त्या दरडीपाशी न्यायचे. प्रत्येक पोराच्या तळहातावर चिमूटभर राख ठेवून म्हणायचे, "अंगठ्यानं चोळ. काय लागतंय सांग." पोरं म्हणायची, काच लागतेय गुरुजी. आणि ती असतेच काच, अगदी बारीक.

गेल्या महिन्यात जेवताना म्हणाले, "राख आली तिथं आता मोठं सरोवर आहे म्हणतात. एकदा बघायला पाहिजे होतं." अण्णांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे जायचं एवढं मी मनात ठरवलंय. पाच दिवस पुरतील का? आम्ही दोघं शाकाहारी. अण्णांचे गुडघे सपाटीला ठीक आहेत, पायऱ्यांना कुरकुरतात. आणि तिथं बघण्यासारखं नेमकं काय आहे, की नुसतं पाणी?

रानवाट

जरूर जा. मी २०१९ मध्ये गेले होते.

सरोवर सुमारे १०० किमी लांब आणि ३० किमी रुंद आहे. काठावर उभं राहिलं की समुद्रच वाटतो, फक्त लाटांचा आवाज नाही आणि वाऱ्याला खारा वास नाही. मधोमध सामोसिर नावाचं बेट, तेच ६३० चौरस किमीच्या आसपास. मुक्काम त्या बेटावरच करा, तुकतुक नावाच्या गावात. काठावरच्या परापात गावाहून बोटीनं पाऊण-एक तास लागतो.

मेदानच्या क्वालानामू विमानतळावरून परापातपर्यंत गाडीनं चार-पाच तास धरा. पाच दिवसांतले दोन येण्या-जाण्यात जातात, उरले तीन. माझं मत, सात दिवस काढा. अण्णांना पळवू नका.

घाटावरचा

माझं थोडं वेगळं मत. आम्ही गेलो तेव्हा दोन दिवस पाऊस आणि धुकं, समोरचा काठही दिसला नाही. मुंबईहून सुमात्रा गाठायचा खर्च आणि वेळ बघता बाली बरं. बातूरचं सरोवरसुद्धा कॅल्डेरातलंच, म्हणजे ज्वालामुखी खचून झालेल्या खळग्यातलंच आहे, वर शाकाहारी जेवण आणि देवळंही आहेत.

रानवाट

@घाटावरचा, पण त्यांच्या गावात बातूरची राख नाही ना पडलेली :-)

नुसतंच_वाचतो

आपलं लोणारही असंच झालंय ना? मग लोणारच दाखवा की अण्णांना, सकाळी निघून रात्री परत.

भूस्तर

@नुसतंच_वाचतो, नाही. लोणारचा खड्डा उल्का आदळून झाला. खडक ज्वालामुखीचा, म्हणजे बेसाल्ट, म्हणून हा गोंधळ होतो. खड्डा मात्र वरून आलेल्या दगडानं पाडलेला, आणि व्यास जेमतेम १.८ किमी.

तोबाची गोष्ट खालून वर आहे. कॅल्डेरा हा शब्द स्पॅनिश, अर्थ मोठी कढई. मला तर गुऱ्हाळातली काहीलच आठवते. जमिनीखाली काही किलोमीटरवर शिलारसाचं कोठार भरत जातं. त्यात पाणी आणि वायू कोंडलेले असतात. ताण असह्य झाला की छताला भेगा पडतात, रस फेसाळून बाहेर येतो, आणि कोठार रिकामं होताच आधार गेलेलं छत आत खचतं. म्हणजे एकटा डोंगर फुटून हा खळगा झालेला नाही, मुलूखच्या मुलूख खाली बसला. तेही एकदा नाही. आधीच्या तीन मोठ्या उद्रेकांचे खळगे एकमेकांवर चढलेत, आणि शेवटचा, सर्वांत मोठा, सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा. त्यात अंदाजे २,८०० घन किमी शिलारस बाहेर आला.

पुढची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. खळग्यात पाणी साठलं, तळाशी गाळ बसला. मग खालून शिलारस पुन्हा दाब द्यायला लागला आणि सरोवराचा तळच वर उचलला गेला. तोच हा सामोसिर. म्हणून बेटाच्या माथ्यावर सरोवरातला गाळ सापडतो. आज जिथं भाताची खाचरं आहेत तिथं एके काळी खोल पाणी होतं. अण्णांना हे नक्की सांगा. शिक्षक आहेत, त्यांना त्यात गोडी वाटेल.

कुकडीकाठ

@भूस्तर, वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. काहिलीची उपमा त्यांना फार आवडली, आमच्या आजोळी गुऱ्हाळ होतं.

त्यांचा एक प्रश्न: बोरीची राख नक्की ७४ हजार वर्षांपूर्वीची का? त्यांनी कुठेतरी वेगळा आकडा वाचला होता.

भूस्तर

अण्णांना नमस्कार सांगा, प्रश्न अगदी मर्मावर आहे. हा वाद गेली तीसेक वर्षं चाललाय. एका गटाच्या मते बोरीची राख शेवटच्या उद्रेकाची, ७४-७५ हजार वर्षांपूर्वीची. दुसऱ्या गटाच्या मते ती तोबाच्याच जुन्या उद्रेकाची, साधारण ८ लाख वर्षांपूर्वीची. राखेबरोबर अश्युलियन, म्हणजे आदिमानवाच्या फार जुन्या घडणीच्या, दगडी हातकुऱ्हाडी निघाल्यात. त्यामुळे राखेचं वय बदललं की महाराष्ट्रातल्या माणसाचं वयही बदलतं. नदीकाठचा थर पुरानं हलतो, पुन्हा बसतो, म्हणून निकाल लवकर लागत नाही. पण दोन्ही गटांच्या मते राख तोबाचीच, त्यामुळे प्रवास वाया जायची भीती नाही.

आंध्रात कर्नूलकडे ज्वालापुरम म्हणून जागा आहे. तिथं राखेच्या थराखाली आणि वरही दगडी हत्यारं मिळाली. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. २०२० मध्ये मध्य प्रदेशात शोण नदीच्या खोऱ्यात ढाबा इथंही तसंच सातत्य दिसलं. तोबामुळे माणूस जवळजवळ संपला असं पूर्वी ठासून सांगितलं जायचं. इथली माणसं मात्र हत्यारं घडवत राहिलेली दिसतात. आणि हो, ज्वालापुरमलाही ही राख भांडी घासायच्या पावडरीसाठी खणून नेत. तुमच्या आजीला बरोबर कळलं होतं.

पोफळी

अंगावर काटा आला. आजीची पाटी आणि आठ लाख वर्षं!

मालवणी_तिरफळ

जेवणाचं मी सांगतो, कामानिमित्त मेदानला दीड वर्षं होतो.

तोबाच्या काठचे लोक बाताक. बहुतेक ख्रिश्चन, डुकराचं मांस रोजचं. रस्त्यावर "बी पी के" (बाबी पांगांग कारो, भाजलेलं डुक्कर) अशी पाटी दिसली की शाकाहाऱ्यांनी पुढं चालायचं. पण उपाशी राहणार नाही. भात सगळीकडे आहे, तेंपे आणि ताहू (सोयाबीनचे) मिळतात, शेंगदाण्याच्या चटणीत कालवलेल्या भाज्यांचा गादो-गादो मिळतो. त्यावर कोळंबीच्या चिप्स घालतात, त्या आधीच नको म्हणा. मिरचीच्या ठेच्यात, म्हणजे सांबालमध्ये, वाटलेली सुकी कोळंबी असते, तेही विचारून घ्या. तुकतुकला पर्यटकांची वर्दळ आहे, समजून घेतात. मेतकूट आणि गोडा मसाला घेऊन गेलात तर गरम भातावर स्वर्ग.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. बाताक स्वयंपाकाचा जीव म्हणजे अंदालिमान. हिरवी-काळी मिऱ्याएवढी फळं, चावली की आधी लिंबाचा वास, मग जिभेवर मुंग्या. मी पहिल्यांदा बाजारात हुंगलं आणि तिथंच उभा राहिलो. हे तर आमचं तिरफळ! घरी येऊन शोधलं तर खरंच एकाच कुळातली दोन भावंडं, दोन्ही झँथोझायलम. आम्ही बांगड्याच्या आमटीत ठेचून घालतो, ते सरोवरातल्या माशाच्या 'आर्सिक'मध्ये हळदीबरोबर घालतात. फरक एवढाच की आपण तिरफळाची बी काढून टाकतो आणि साल वापरतो, तिथं माझ्या घरमालकीणबाई अख्खं फळच पाट्यावर वाटायच्या.

पाटा_वरवंटा

@मालवणी_तिरफळ, पाटा-वरवंटा आहे तिथं? मग माझं नाव तिथंही चालेल.

मालवणी_तिरफळ

@पाटा_वरवंटा, आहे की! पसरट दगड आणि वर दगडी बत्ता. माडीही आहे, तिला तुआक म्हणतात. संध्याकाळी पुरुष मंडळी गिटार घेऊन बसतात आणि सूर असा लावतात की उठवत नाही. रविवारी चर्चमधलं गाणं तर चुकवूच नका. बाहेर पायरीवर बसलात तरी चालतं.

सिंगापूरकर

व्हिसाचं: भारतीयांना पोहोचल्यावर मिळतो, ५ लाख रुपिया, ३० दिवसांचा. आकड्याला घाबरू नका. आधी ऑनलाइन भरलात तर अण्णांना रांगेत उभं राहावं लागणार नाही. क्वालालंपूरहून मेदान तासाभराचं उड्डाण आहे. एक रात्र तिथं काढून सकाळचं विमान घ्या. मेदानला उतरून त्याच दिवशी रात्रीचा घाटरस्ता करू नका.

चिमणी_पाखरं

मी एक गंभीर गोष्ट लिहिते, घाबरवायचा हेतू नाही. १८ जून २०१८ ला सामोसिरच्या सिमानिंदोहून तिगारासला निघालेली 'सिनार बांगुन' नावाची बोट बुडाली. क्षमतेच्या कितीतरी पट माणसं आणि मोटारसायकली चढवल्या होत्या. १६० हून अधिक माणसं सापडलीच नाहीत. बोट साधारण ४५० मीटर खोल तळाशी दिसली, पण वर काढता आली नाही. ईदच्या सुट्टीतली घरची माणसं होती ती.

तेव्हा गर्दीची बोट सोडून द्या, पुढची घ्या. अण्णांना लाइफ जॅकेट घालायला लावा, आणि तुम्हीही घाला. दुपारनंतर वारा उठतो, सकाळची बोट शांत असते.

घाटावरचा

@चिमणी_पाखरं, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आम्हाला बोटीत कोणी जॅकेट दिलं नव्हतं आणि आम्हीही मागितलं नाही.

आता पाण्याबद्दल. मला तिथं खटकलं ते माशांच्या पिंजऱ्यांचं. काठाला रांगेनं जाळ्यांचे चौकोन, त्यात तिलापिया वाढवतात. खाद्य आणि घाण तळाशी जाते. वारा-पावसानं पाणी ढवळलं की प्राणवायू नसलेलं खालचं पाणी वर येतं आणि मासे एका दिवसात टनांनी मरतात. २०१८ मध्ये असं मोठं मरण झालं होतं. २०२० पासून तोबा युनेस्कोचं जागतिक भूउद्यान आहे, पण २०२३ मध्ये युनेस्कोनं कारभार सुधारा म्हणून ताकीद दिली होती. इतक्या मोठ्या पाण्याला बाहेर पडायला एकच वाट, असाहान नदी. आत गेलेली घाण वर्षानुवर्षं आतच फिरते.

रानवाट

@घाटावरचा, हे मान्यच. पण पिंजऱ्यांवर जगणारी घरंही काठावरचीच आहेत. मी ज्यांच्याकडे राहिले त्यांचे दोन पिंजरे होते आणि मुलगी त्या पैशांवर मेदानला शिकत होती. सोपं नाही ते.

पोफळी

बाताक लोकांबद्दल कोणी लिहा ना अजून.

सिंगापूरकर

@पोफळी, माझ्या ऑफिसात दोन बाताक सहकारी आहेत. पहिल्या भेटीत नावाआधी 'मार्गा' विचारतात, म्हणजे कूळ. एकाच मार्गात लग्न होत नाही. आपल्या सगोत्रासारखंच, पण त्याहून कडक पाळतात. दोन अनोळखी बाताक भेटले की पाच मिनिटांत कोण कोणाचा मामा लागतो हे ठरतं आणि मग त्याच नात्यानं हाक मारतात. माझी आई आली होती तेव्हा ती आणि त्यातल्या एकाची आई, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती तरी तासभर नातीच समजावून घेत होत्या.

आणि हे बघा. त्यांच्या जुन्या पंचांगातले वार: आर्तिया, सुमा, आंगारा, मुदा, बोरास्पाती, सिंकोरा, सामिसारा. मोठ्यानं म्हणून पाहा.

नुसतंच_वाचतो

आदित्य, सोम, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, शनैश्चर!! काय सांगता!

सिंगापूरकर

बरोबर! 'देबाता' म्हणजे देव. त्यांची जुनी लिपीही शेवटी ब्राह्मीच्याच घराण्यातली. घराच्या दर्शनी फळीवर पाल कोरलेली असते, भूमीची देवता म्हणून. तिचं नाव बोरास्पाती. आपला बृहस्पती तिथं जाऊन पाल झाला आणि घर राखतो.

तोबाच्या पश्चिमेला किनाऱ्यावर बारुस नावाचं जुनं बंदर आहे. तिथला कापूर हजार वर्षांपूर्वीही जगभर जायचा. तमिळ व्यापाऱ्यांचा १०८८ चा शिलालेख तिथं सापडलाय. आपल्याकडे 'बरास' म्हणतात तो कापूर त्याच नावाचा.

पाटा_वरवंटा

घरातली बरासची डबी आता वेगळ्या नजरेनं बघणार. वाचनखूण साठवली.

मालवणी_तिरफळ

सरोवराची लोककथाही सांगतो, घरमालकीणबाईंनी सांगितलेली. तोबा नावाचा कोळी एक सोनेरी मासा धरतो. मासा बाई होतो. लग्न करते, पण एक शब्द घेते: मी मासा होते हे कधी कोणाला सांगायचं नाही. मुलगा होतो, सामोसिर. एकदा बापाचं जेवण शेतावर नेताना वाटेत तोच खाऊन टाकतो. उपाशी बाप रागात बोलून जातो, "माशाचं पोर!" शब्द मोडला. आई मुलाला डोंगरावर पाठवते, जमिनीतून पाणी उसळतं आणि सगळं बुडतं.

बाई शेवटी एवढंच म्हणाल्या होत्या, "भुकेल्या माणसाशी त्या वेळी बोलू नये."

कुकडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तिकिटं काढली. सात दिवस, सामोसिरवर चार रात्री, जून अखेर. खोली तळमजल्यावरची घेतलीय.

भूस्तर

जमल्यास उत्तर टोकाला तोंगिंगला जा. सिपिसो-पिसो धबधबा साधारण १२० मीटरचा आहे. खाली उतरू नका, पायऱ्या फार. वरूनच बघा. घाटात रस्त्याच्या कडेला राखेचा खडक उघडा पडलेला दिसेल. अण्णांना हात लावू द्या.

कुकडीकाठ

(दोन महिन्यांनी धागा वर काढतोय.)

जाऊन आलो. थोडं सविस्तर लिहितो, तुम्हा सगळ्यांचं देणं आहे.

परापातच्या अलीकडे वळणावर पाणी पहिल्यांदा दिसलं. अण्णांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले, कठड्याला हात टेकले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढी सगळी जमीन खाली बसली?" ९०० मीटर उंचीवर असल्यानं हवा जुन्नरच्या पावसाळ्यासारखी, स्वेटर लागला.

बोट सकाळची घेतली, गर्दी नव्हती, जॅकेट मागून घेतली. जेवणाचा त्रास झाला नाही. तिसऱ्या दिवशी गेस्टहाऊसच्या मावशींनी भाजीत अंदालिमान घातलं. अण्णांच्या जिभेला मुंग्या आल्या, पाणी प्यायले, आणि परत वाढायला सांगितलं.

सामोसिरवरच्या अंबारिताला दगडी खुर्च्यांची जुनी सभेची जागा पाहिली. जुन्या घरात शिरताना दार इतकं बुटकं की वाकावंच लागतं. घराला मान द्यायचा म्हणून तसं ठेवतात, असं तिथल्या माणसानं सांगितलं. जिना उभा होता म्हणून अण्णा खालीच थांबले आणि त्या पालीच्या नक्षीला हात जोडून आले. गुरुवारच होता.

तोंगिंगच्या घाटात @भूस्तर म्हणाले तसा खडक दिसला. अण्णांनी खिशातून कुंकवाची डबी काढली. तिच्यात बोरीची राख होती, मला सांगितलंच नव्हतं. एका तळहातावर ती, दुसऱ्यावर खडकाचा चुरा. बोरीची राख पिठासारखी मऊ. तिथला चुरा भरड, त्यात काचमणी आणि अभ्रकासारखे काळे कण चमकत होते. म्हणाले, "जड ते इथंच पडलं. हलकं तेवढं आपल्याकडे आलं."

टपरीवरची चार-पाच पोरं काय चाललंय बघायला जमली. भाषा कोणालाच येत नव्हती. अण्णांनी एकेकाचा हात धरला, तळव्यावर चिमूटभर बोरीची राख ठेवली आणि अंगठ्यानं चोळून दाखवलं. एक मुलगी काहीतरी म्हणाली. ड्रायव्हरनं सांगितलं, ती म्हणतेय काच आहे.

पोफळी

लिहिता येत नाहीये काही. अण्णांना नमस्कार.

घाटावरचा

मी बाली सुचवलं होतं. बरं झालं ऐकलं नाहीत.

मालवणी_तिरफळ

वाळवलेलं अंदालिमान आणलंत का हो?

कुकडीकाठ

@मालवणी_तिरफळ, पुडी आणलीय, अर्धी तुमची. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा.

चिमणी_पाखरं

मी नारायणगावला माहेरी येतेय पुढच्या आठवड्यात, मुलगी चौथीत आहे. तो थर बघायला मिळेल का?

कुकडीकाठ

या की! सकाळी आठच्या आत या, नंतर ऊन चढतं. नदीला पाणी असेल तर पलीकडून उतरायला लागेल, मुलीला जुन्या चपला घाला. अण्णांना सांगितलंय, ते पारावर थांबतील.